बारा गावचं पाणी तुडवणाऱ्या बुटाची नावं

न्यूझीलंडच्या राजधानीचं नाव वेलिंग्टन. १८४० मध्ये ज्या माणसावरून ते ठेवलं, त्याच माणसावरून ब्रिटनमध्ये पावसाळी उंच रबरी बुटांना वेलिंग्टन म्हणतात, लाडाने वेली. आता गंमत बघा, वेलिंग्टन शहरात मात्र त्या बुटाला कोणी वेलिंग्टन म्हणत नाही, तिथे तो गमबूट, किंवा घरगुती बोलण्यात गमीज. म्हणजे माणूस एक, त्याचं नाव शहराला मिळालं आणि बुटालाही मिळालं, पण जिथे शहर आहे तिथे बुटाचं नाव पोचलंच नाही. असं का होतं? वस्तू तीच, काम तेच, पाणी पण सगळीकडे ओलंच, मग नावं इतकी वेगळी कशी काय?

याचं उत्तर थोडक्यात सांगायचं तर नाव ठेवणारा माणूस अख्ख्या वस्तूकडे बघतच नाही, तिच्यातली एक गोष्ट पकडतो आणि बाकी सोडून देतो. कोणाला रबर दिसतं, कोणाला उंची, कोणाला पाणी, कोणाला तो बूट पहिल्यांदा कोणाच्या पायात बघितला ते आठवतं. आणि कुठली गोष्ट पकडायची हे ठरतं ते घरात आधीपासून दुसरं काय पायात घालायचं पडलेलं आहे त्यावर. चामड्याचे उंच बूट आधीच असतील तर नव्याला "रबरी" म्हणावं लागतं, नाहीतर गोंधळ. आधीचे जोडे सगळे घोट्यापर्यंतचेच असतील तर नव्याची उंचीच डोळ्यात भरते. आणि जिथे माणसं वर्षभर हेच घालून शेतात नाहीतर बोटीवर उभी असतात तिथे त्याला नुसतं "बूट" म्हटलं तरी भागतं, उलट दुसऱ्या बुटांनाच "बाहेर जायचे" असं शेपूट लावायला लागतं. नाव हे वेगळेपणा सांगायला असतं, वर्णन करायला नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुढची सगळी गंमत आपोआप उलगडत जाते.

आधी त्या वेलिंग्टनचं बघू, कारण त्यात एक मस्त चकवा आहे. आर्थर वेलस्ली, म्हणजे वॉटर्लूला १८१५ मध्ये नेपोलियनला हरवणारा तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या काळात हेशियन नावाचे बूट चालायचे, जर्मनीतल्या हेसे भागातल्या सैनिकांवरून ते नाव, पुढे गोंडा लटकलेला वगैरे. ड्यूकने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या होबी नावाच्या मोच्याला सांगितलं की ही झालर गोंडे काढ आणि पायाला नीट घट्ट बसेल असा बनव. तो जो बूट झाला त्याला लोक वेलिंग्टन म्हणायला लागले, आणि हिरोची नक्कल म्हणून फॅशनेबल लोक घालायला लागले. पण तो बूट होता वासराच्या मऊ चामड्याचा! रबराचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पाण्यात उभं राहायला नव्हे तर घोड्यावर बसायला आणि संध्याकाळी मिरवायला तो बूट. वॉटर्लूला त्याच्या मदतीला आलेला प्रशियाचा सेनापती ब्लुखर, त्याच्याही नावाचा एक जोडा आहे, लेसवाला, म्हणजे त्या एका लढाईतल्या दोन सेनापतींची नावं पायताणात गेली. आणि मुळात "वेलिंग्टन" हे तरी त्या माणसाचं आडनाव कुठे होतं, ते इंग्लंडमधल्या सॉमरसेटमधलं एक छोटं गाव, किताब घ्यायचा होता तेव्हा वेलस्ली या आडनावाशी जुळतं म्हणून भावाने निवडलेलं. म्हणजे गावाचं नाव किताबाला, किताबाचं बुटाला, आणि बूट परत चिखलात.

मग चामड्याचा बूट रबराचा झाला कसा? इथे थोडं रसायनशास्त्र लागतं पण घाबरू नका. रबराच्या झाडाचा चीक म्हणजे खूप लांब लांब साखळ्यांचा गुंता असतो, सुटे दोरे एकात एक अडकवून ठेवल्यासारखा. ऊन लागलं की हे दोरे एकमेकांवरून घसरतात आणि सगळं चिकट होतं, थंडीत ते आखडतात आणि तडकतं. दक्षिण अमेरिकेतले मूळ लोक चिकाचे जोडे फार आधीपासून करत होते, आणि १८२० च्या दशकात ब्राझीलहून असे जोडे अमेरिकेत बोस्टनला विकायला यायला लागले, लोकांनी हौसेने घेतलेही, पण उन्हाळ्यात त्यांचा लगदा आणि हिवाळ्यात दगड. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की चिकात गंधक घालून तापवलं तर त्या साखळ्यांमध्ये गंधकाचे छोटे पूल तयार होतात, म्हणजे दोरे जागोजागी गाठ मारल्यासारखे बांधले जातात, मग ताणलं तर ताणतं पण सोडलं की परत जागेवर येतं, ऊन असो की थंडी. याला व्हल्कनायझेशन म्हणतात. त्याचं अमेरिकन पेटंट १८४४ चं. मग हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने पादत्राणांसाठी ती पद्धत घेतली आणि १८५३ मध्ये फ्रान्समध्ये कंपनी काढली, नाव ठेवलं एग्ल, म्हणजे गरुड, आपल्या देशाच्या गरुडाची आठवण म्हणून. तिथले शेतकरी तोवर लाकडी खडावांसारखे जोडे घालून शेतात काम करायचे, त्यांना दिवसभर कोरडे पाय म्हणजे काय चैन असेल विचार करा.

ब्रिटनमध्ये खरी लाट आली पहिल्या महायुद्धात. खंदकांत गुडघाभर पाणी, सैनिकांचे पाय अक्षरशः सडत होते, ट्रेंच फूट म्हणतात त्याला. एडिनबर्गच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने सैन्यासाठी दहा लाखांहून जास्त जोड बनवले. आकार तोच जुन्या ड्यूकवाल्या बुटाचा, माल वेगळा, आणि नाव? नाव तेच राहिलं. युद्ध संपल्यावर तेच बूट शेतात आणि शाळेच्या दारात आले. आज तर बरेचसे बूट रबराचेही नसतात, पीव्हीसीचे असतात, तरी रबरी बूटच म्हणतो आपण. वस्तू बदलते, नाव चिकटून बसतं, आणि नंतरच्या पिढीला वाटतं की हे नाव असंच आकाशातून पडलं.

आता "गम"कडे. आपल्याकडे गम म्हटलं की डिंक किंवा चिकटवायची बाटली डोळ्यासमोर येते, त्यामुळे गमबूट म्हणजे चिकटवलेला बूट असं वाटणारे लोक मी बघितलेत, मी स्वतः पण लहानपणी त्यातच होतो. खरं तर रबर युरोपात पोचलं तेव्हा त्याला ताणला जाणारा डिंक असंच म्हणत होते, कारण झाडातून पाझरणारी वस्तू म्हणजे डिंक. आणि "रबर" हा शब्द तर अजून मजेशीर, इंग्रजीत रब म्हणजे घासणं, १७७० मध्ये जोसेफ प्रिस्टलीने नोंद केली की या वस्तूने कागदावरची पेन्सिल घासून जाते, म्हणून ते घासणारं, रबर. मराठीत खोडरबर म्हणतो ना आपण, तो शब्द मुळाशी किती प्रामाणिक आहे बघा. म्हणजे इंग्रजीत "रबर बूट" याचा मूळ अर्थ काढत बसलं तर खोडायच्या वस्तूचा बूट!

गम हा शब्द मात्र फार लांबून आलाय. लॅटिनमध्ये गुम्मी, त्याआधी ग्रीकमध्ये कोम्मी, आणि ग्रीकांनी तो उचलला इजिप्तमधून. तिथून तो इतका पसरला की जर्मन गुमीश्टीफेल, स्वीडिश गुमीस्टोव्हलार, फिनिश कुमिसापात, एस्टोनियन कुमिकुद, हंगेरियन गुमिचिझ्मा, हे सगळे एकाच शब्दाची नातवंडं. जपानीत डच लोकांकडून गोमु झाला, जपानीतून कोरियनमध्ये गेला आणि तिथे गोमुशिन म्हणजे रबरी जोडा, होडीच्या आकाराचा, बुटका, १९२० च्या दशकापासून घरोघरी. फिनलंडचं अजून एक, ज्या नोकियाचे फोन आपण वापरले तिच्या घराण्यात १८९८ पासूनचा एक रबर कारखाना होता, १९६७ ला सगळं एकत्र झालं, आणि तिथल्या कित्येक लोकांना नोकिया म्हटलं की आधी फोन नाही, गमबूट आठवायचा.

स्पॅनिशमध्ये तर एकाच भाषेत तीन रबरं आहेत. कुठे बोतास दे गोमा, हे तेच इजिप्तवालं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत बोतास दे उले, इथला उले हा नाहुआत्ल भाषेतला, अॅझ्टेक लोकांच्या भाषेतला शब्द, आणि तो हक्काचा आहे कारण त्या भागातले लोक हजारो वर्षांपूर्वी चिकात एका वेलीचा रस मिसळून उसळणारे चेंडू करत होते, गुडइयरच्या कितीतरी आधी. आणि कोलंबिया, इक्वाडोरकडे बोतास दे काउचो, हा दक्षिण अमेरिकेतल्या मूळ भाषांमधला, फ्रेंच काउत्शू त्याचाच भाऊ. वरून कोलंबियात पांतानेरास पण म्हणतात, पांतानो म्हणजे दलदल, म्हणजे ज्यांना माल महत्त्वाचा वाटला नाही त्यांनी जागा पकडली.

हा जागा, उंची, पाणी असा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो कॅरिबियन भागात. इंग्रजी बोलणारे तीन देश, सगळ्यांचा इतिहास जवळजवळचा, आणि जमैकात वॉटर बूट्स, त्रिनिदादमध्ये टॉल बूट्स, गयानात लाँग बूट्स. एकाने पाणी बघितलं, दुसऱ्याने उंची, तिसऱ्याने लांबी. रबर कोणीच नाही! जपानी नागागुत्सु म्हणजे पण लांब जोडा, कोरियन जांगह्वा तोच अर्थ. हाँगकाँगकडे कँटोनीजमध्ये त्यालाच पाण्याचा जोडा म्हणतात, शांघायकडे वरून चढवायचा जोडा. चेक लोकांनी तर बूट सोडून पायच पकडला, होलेन म्हणजे नडगी, म्हणून होलिंकी. तुमच्या डोक्यात आता येईल की मग बरोबर नाव कुठलं, तर बरोबर असं काही नसतंच, जिथे जे म्हटल्यावर समोरचा तोच बूट उचलून आणतो ते बरोबर.

एक शब्द मात्र असा आहे की तो म्हटल्यावर समोरचा काय आणेल सांगता येत नाही. गलोश. हा फ्रेंच गालोश, जुन्या काळी लाकडी तळाचा जोडा. इंग्रजीत गेला आणि झाला बुटावरून चढवायचा रबरी बूट, म्हणजे आतला चामड्याचा बूट भिजू नये म्हणून वरून कव्हर. रशियनमध्ये कालोशी, ते तिथे नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, जाड हिवाळी बुटांवरून चढवतात, आणि मध्य आशियात मऊ चामडी बुटांवरून, म्हणजे घरात शिरताना बाहेरचं काढायचं आणि आतला बूट तसाच ठेवून गालिच्यावर जायचं, काय सोय आहे. पोलंडमध्ये कालोश म्हणजे मात्र सरळ गमबूट, पोर्तुगीजमध्ये गालोशा म्हणजे पण गमबूट. इराणमध्ये गालेश म्हणजे बुटका रबरी जोडा. आणि तुर्कस्तानात गालोश म्हणजे हॉस्पिटलमध्ये शिरताना बुटावर चढवतात ती निळी प्लॅस्टिकची पिशवी! बघा म्हणजे, कोणी "वरून चढवायचं" एवढं धरलं आणि रबर सोडून दिलं, कोणी "पाणी लागत नाही" एवढं धरलं आणि वरून चढवणं सोडून दिलं. शब्द प्रवासाला निघतो तेव्हा सगळं सामान घेऊन जात नाही, एखादी पिशवी उचलतो.

अमेरिकेत याच वरून चढवायच्या प्रकाराला रबर्स म्हणायचे, काही भागात गम्स, आणि बकलवाल्या उंच प्रकाराला आर्क्टिक्स. रबर्स हा शब्द तिथे आता जपून वापरावा लागतो कारण बोलीभाषेत त्याचा अर्थ कंडोम झालाय, आजोबा म्हणतात पाऊस आहे रबर्स घालून जा आणि नातू लाल होतो. गमशू म्हणजे रबरी तळाचा जोडा, त्याचा आवाज होत नाही, म्हणून अमेरिकन बोलीत गमशू म्हणजे डिटेक्टिव्ह. जोड्याचं नाव माणसाला. सगळं उलटंसुलटं चालतं.

काही नावं रंगमंचावरून आणि टीव्हीवरून येतात. स्पेनमध्ये पावसाळी बुटांना कातियुस्कास म्हणतात, ऐकायला रशियन वाटतं, आणि आहेच, पण रशियात कोणी असं म्हणत नाही. १९३१ मध्ये पाब्लो सोरोझाबालचं कातियुस्का नावाचं संगीत नाटक बार्सिलोनात आलं, त्यातली रशियन नायिका उंच बूट घालून यायची, आणि नायिकेचं नाव बुटाला चिकटलं. आज जी मुलं कातियुस्कास घालून डबक्यात उड्या मारतात त्यांना नाटकाचं नावही माहीत नसतं. डिट्टो तसंच मलेशियात. सिंगापूरच्या टीव्हीवर १९९७ ते २००७ फुआ चू कांग नावाची कॉमेडी सिरियल चालायची, नायक घरं बांधणारा कॉन्ट्रॅक्टर, कुरळे केस, गालावर मोठा तीळ, आणि पायात पिवळे गमबूट. झालं, पिवळ्या गमबुटाचं नाव कासुत फुआ चू कांग, म्हणजे फुआ चू कांगचा जोडा. पूर आला की लोक तोच शब्द वापरतात. माझ्या मते हे ड्यूकपेक्षा जास्त हक्काचं नाव आहे, कारण फुआ चू कांगने निदान खरोखरचे रबरी बूट घातले होते.

ब्रँडचं नाव वस्तूला लागणं हे आपल्याला नवीन नाही, झेरॉक्स काढून आण म्हणतोच आपण. ब्राझीलमध्ये रबरी बुटाला सेते लेग्वास म्हणतात, सात लेग म्हणजे सात कोस टाइप, परीकथेतल्या एका ढांगेत सात कोस जाणाऱ्या बुटांवरून ब्रँडचं नाव आणि ब्रँडवरून सगळ्याच बुटांचं. न्यूझीलंडला १९५८ पासून रेड बँड नावाचा आखूड गमबूट आहे, वर लाल पट्टा, आणि तिथला शेतकरी गमबूट न म्हणता सरळ रेड बँड म्हणतो. तिथे तायहापे नावाचं गाव तर स्वतःला गमबुटांची राजधानी म्हणवतं, १९८५ पासून गमबूट दिवस साजरा करतात, गमबूट लांब फेकायच्या स्पर्धा असतात, आणि गावात पत्र्याचा भलामोठा गमबूट उभा आहे.

पण ब्रँडच्या नावाने थट्टा करणं हे सगळ्यात भारी. अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणारे लोक पांढरे रबरी बूट घालतात, त्यांना म्हणतात केजन रिबॉक, केजन म्हणजे तिथला फ्रेंच मुळाचा समाज. म्हणजे शहरातली पोरं महागडे स्पोर्ट शूज घालतात ना, आमचे रिबॉक हे. तिकडे अलास्कात ब्राऊन रबरी बुटाला अलास्का स्नीकर किंवा केचिकन गावाच्या नावाने केचिकन स्नीकर म्हणतात. साचा सारखाच, आपल्या जागेचं नाहीतर आपल्या लोकांचं नाव आधी, मग शहरी फॅशनच्या बुटाचं नाव. हे नाव ऐकणाऱ्याला वस्तूपेक्षा बोलणाऱ्याबद्दल जास्त सांगतं, की आम्ही इथलेच, आमचं काम ओलं आहे, आणि त्याची आम्हाला लाज नाही. ब्रिटनमध्ये याच्या उलट झालं. १९५० च्या दशकात हिरव्या रंगाचा वेली आला, श्रीमंत लोक तो घालून खेड्यातल्या बंगल्यावर सुट्टीला जायचे, आणि मग ग्रीन वेली ब्रिगेड ही एक टोमण्याची जात तयार झाली. बूट सगळ्यांचा एकच, रंगावरून माणूस ओळखला जातो.

भाषेत एकदा बूट घुसला की म्हणींतही जातो. रशियनमध्ये गलोशमध्ये बसणं म्हणजे चारचौघात फजिती होणं. पोलिशमध्ये "ती गलोशांची वेगळी जोडी" म्हणजे तो विषय वेगळा, आणि फुटबॉलच्या मॅचमध्ये रेफरीवर चिडले की ओरडतात "रेफरी गलोश!" कोरियात मुलगा मिलिटरीत गेला आणि इकडे मुलीने त्याला सोडलं तर म्हणतात तिने गोमुशिन उलटे घातले. ब्रिटिश लोक गाडी जोरात दाबायला सांगताना "जरा वेली दे" म्हणतात. ब्राझीलमध्ये अतिशय पकाऊ माणसाला गलोश घातलेला पकाऊ म्हणतात, लोक सांगतात की भर पावसातही जो तुमच्या घरी येऊन बसतो तो. हे मला फार पटतं.

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायलाच हवी. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींमध्ये पाणी भरायचं, ते उपसण्यापेक्षा काळ्या कामगारांना गमबूट देणं मालकांना स्वस्त पडलं. काम करताना बोलायला बंदी, मग कामगार बुटावर थाप मारून एकमेकांना इशारे करायला लागले, त्या थापांचा ताल झाला आणि तालाचा नाच झाला. त्याला गमबूट डान्स म्हणतात, आणि दुसरं नाव इसिकाथुलो, झुलू भाषेत इसिकाथुलो म्हणजे जोडा. इथे तर मग बुटाचं नावच नाचाला मिळालं, आणि हे नाव ऐकलं की पावसाळा नाही, खाण आठवते.

आता बुटका प्रकार पण घेऊ कारण पाण्यातलं रोजचं पायताण म्हणजे फक्त उंच बूटच नाही, पट्ट्याची रबरी स्लीपर पण आहे, आणि तिच्या नावांचा वेगळाच खेळ आहे. ऑस्ट्रेलियात थाँग्ज, दक्षिण आफ्रिकेत स्लॉप्स, हवाई बेटांवर स्लीपर्स, ठीक. न्यूझीलंडला जँडल, म्हणजे जपानी अधिक सँडल, १९५७ चा ट्रेडमार्क. मलेशियात सेलिपार जेपुन, म्हणजे जपानी स्लीपर. पोलंडमध्ये यापोन्की, परत जपानी. ग्रीसमध्ये सायोनारा, म्हणजे जपानीत निरोप घेताना म्हणतात ते! पण रशियात व्हिएतनामकी आणि हंगेरीत व्हिएतनामी पापुच. आणि आपली हवाई चप्पल. म्हणजे सगळं जग म्हणतं ही वस्तू लांबची, पण लांब म्हणजे कुठे हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या देशावर ढकललं. याला अपवाद दोन, दोन्ही मला भयंकर आवडतात. केन्यात पाटापाटा, कारण चालताना तसा आवाज येतो. आणि घानात चाले वोते, गा भाषेत याचा अर्थ "मित्रा, चल जाऊया", कारण पाय सरकवला की निघालो, लेस नाही बकल नाही. वस्तू कशी दिसते ते नाही, वापरताना माणूस काय बोलतो तेच नाव.

आवाजावरून आणि बोलण्यावरून नाव पडणं हे घराघरात रोज होतं. भाषेचा अभ्यास करणारे याला फॅमिलेक्ट म्हणतात, म्हणजे एका कुटुंबापुरती बोली. प्रक्रिया साधारण अशी की लहान मूल एखादा शब्द चुकीचा बोलतं किंवा नवाच बनवतं, मोठी माणसं हसून तोच वापरतात, मग सवय होते, मग ते मूल मोठं होऊन शुद्ध शब्द शिकतं, पण मोठी माणसं मात्र जुन्याच शब्दावर अडकून बसतात. आमच्याकडे माझ्या भाचीने हे केलं. तीन वर्षांची असेल, लाल गमबूट, एक नंबर मोठे घेतलेले कारण पाय वाढतो. डबक्यात इतकं नाचली की पाणी वरून आत, मोजा भिजला, आणि चालताना पचक पचक आवाज. काढायला बसलो तर बूट निघेना, आत हवा जायला जागा नसली की ओला मोजा तळाला धरून बसतो, टाच दाबून धरायची आणि पंजा हलवत ओढायचं, शेवटी बूट आला हातात, मोजा आतच, आणि पोटरीवर बुटाच्या कडेची लाल रेघ गोल उमटलेली. ती म्हणाली, पचके परत घाला. झालं. आता मराठीत पचका म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे घरात इतके हसलो की तो शब्द परत जाणं शक्यच नव्हतं. पाऊस आला की माझी आई ओरडायची, "पचका घातलास का?" पुढे कित्येक वर्षांनी घरात नवीन जावई आले, त्यांना कोणीतरी म्हटलं दाराआडचे पचके द्या जरा, तर बिचारे दार, भिंत, आणि आम्हा सगळ्यांचे चेहरे आळीपाळीने बघत राहिले. तेव्हा कळलं की हा शब्द बाहेर चालत नाही.

असे शब्द गोळा करायचे असतील तर एक गोष्ट पाळावी लागते, प्रश्नात उत्तर द्यायचं नाही. "तुम्ही गमबुटाला काय म्हणता" असं विचारलं की समोरचा म्हणतो गमबूट, संपलं. फ्रान्समध्ये १८९७ ते १९०१ एडमाँ एडमों नावाचा माणूस सायकलवरून सहाशेच्या वर गावं फिरला आणि एकच प्रश्नावली सगळीकडे विचारत शब्द लिहून आणले, त्यावरून नकाशे झाले. अमेरिकेत १९६५ ते १९७० मध्ये प्रादेशिक शब्दकोशासाठी १,००२ ठिकाणी असंच हिंडून विचारलं. पद्धत अशी की वस्तूचं वर्णन करायचं आणि गप्प बसायचं, म्हणजे "पावसात पाय भिजू नये म्हणून जे घालता त्याला घरात काय म्हणता", आणि मग जे तोंडातून पटकन निघेल ते लिहायचं, विचार करून सांगितलेलं नाही. विचार केला की माणूस शुद्ध बोलायला लागतो आणि घरचा शब्द लपवतो, कारण त्याला वाटतं हे काय सांगायचं.

भाची आता स्वतःच्या संसारात आहे. परवा तिच्याकडे गेलो होतो, तिचा मुलगा बाथरूमच्या दाराशी उभा राहून ओरडत होता, माझे पचके कुठे आहेत, आणि तिने पायाने सरकवून दिली ती साधी रबरी स्लीपर, ओली. गमबूट नव्हेच. त्यांच्याकडे जे काही ओलं असतं आणि पायात घालायचं असतं ते सगळं पचके. मी चुकीचं म्हणणार होतो, मग गलोशचं तुर्कस्तानात काय झालं ते आठवलं आणि गप्प बसलो.